जुनी लेझर कटिंग मशीन विकताना : आरसी बुक नसलेल्या मालाचा व्यवहार कसा करावा

नानाखेडा (उज्जैन) : इंदूर रोडवरच्या नानाखेडा बसस्थानकावर उतरलेला मराठी माणूस महाकालाच्या दर्शनालाच आलेला असतो, असं काही नाही. जळगाव, धुळे किंवा बुऱ्हाणपूरकडचा एखादा फॅब्रिकेशनवाला पिशवीत व्हर्नियर घेऊन जुनी मशीन बघायलाही उतरू शकतो. पत्रा कापणारी लेझर मशीन ही छोट्या वर्कशॉपवाल्याची बहुतेक वेळा घरानंतरची सगळ्यात मोठी खरेदी असते. ती दुसऱ्याच्या हाती जाताना विकणाऱ्याचं कर्ज आणि घेणाऱ्याची जमापुंजी, दोन्ही पणाला लागतात.

ट्रॅक्टर किंवा टेम्पो विकायचा तर आरसी बुक असतं. मालक कोण, गाडी कोणत्या सालची, बँकेचा बोजा आहे की नाही, हे एका कागदावर कळतं. लेझर मशीनला असं सरकारी पुस्तक नाही. रंग मारला की घासलेली मशीनही नवी दिसते आणि धूळ बसली की चांगली मशीनही भंगार वाटते. म्हणून ज्याला योग्य भाव हवा, त्याला मशीनचं 'आरसी बुक' स्वतःच तयार करावं लागतं. त्यात चार गोष्टी येतात : तासांची नोंद, चालू मशीनवरची कापणी, बँकेची ना हरकत आणि कराचा हिशेब.

आधी मशीनची जात सांगा

बाजारात मुख्यतः दोन प्रकार आहेत, सीओटू आणि फायबर. सीओटू लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. पटेल यांचा जन्म १९३८ चा, बारामतीचा. इंजिनिअरिंगची पदवी त्यांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमधून घेतली. १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या वेल्डिंग संशोधन संस्थेत ३०० वॅटच्या सीओटू किरणाला ऑक्सिजनच्या झोताची जोड देऊन १ मिलिमीटर पोलाद कापलं गेलं. जाड एमएस पत्रा आजही याच रीतीने कापतात. माळव्यालाही हा विषय नवा नाही. उज्जैनपासून साधारण ५५ किलोमीटरवर इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र १९८४ मध्ये सुरू झालं आणि लेझर हे त्याच्या संशोधनाचं मुख्य क्षेत्र आहे.

सीओटू मशीनमध्ये किरण आरशांवरून डोक्यापर्यंत, म्हणजे कटिंग हेडपर्यंत येतो. आरसे साफ करणं, जुळवणं, गॅसचं मिश्रण भरणं हा खर्च कायमचा. घेतलेल्या विजेपैकी साधारण दहावा हिस्साच किरणात उतरतो. फायबर मशीनमध्ये किरण काचेच्या तंतूतून येतो, आरसे जुळवायची गरज नाही आणि विजेतला तीस टक्क्यांच्या आसपास हिस्सा किरणात उतरतो. तांबं, पितळ, अॅल्युमिनियमसारखे चकाकणारे धातूही फायबर जास्त सहज कापतं. उलट अॅक्रिलिक, लाकूड, एमडीएफ यांना फायबर चालत नाही. तिथे सीओटूच लागतं.

हा फरक जाहिरातीत पहिल्या ओळीतच यायला हवा. काचेच्या नळीची छोटी सीओटू मशीन बोर्डवाल्याच्या, ट्रॉफीवाल्याच्या कामाची आहे. तिच्यासाठी गेट-ग्रिलवाल्याचे फोन घेण्यात दोघांचाही वेळ जातो. नुसतं "लेझर मशीन विकणे आहे" असं लिहिलं की शंभर फोन येतात आणि गिऱ्हाईक एकही येत नाही.

भाव सोर्सचा, लोखंडाचा नाही

विकणारा सहसा आपल्या खरेदीच्या बिलावरून भाव धरतो. घेणारा मात्र आज नवी मशीन कितीला मिळते ते बघतो. गेल्या दहा वर्षांत फायबर मशीनचा दर किलोवॅटमागे चांगलाच उतरला आहे. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी ज्या पैशात १ किलोवॅटची मशीन आली, त्या पैशात आज जास्त ताकदीची मिळू शकते. "चांगला भाव आला की काढू" म्हणून झाकून ठेवलेली मशीन दर वर्षी उतरतच जाते, आणि बंद असताना तिच्यात ओलावा आणि उंदीर शिरतात तो भाग वेगळा.

फायबर मशीनमध्ये सगळ्यात महाग भाग म्हणजे लेझर सोर्स. त्यानंतर कटिंग हेड, मग सर्व्हो मोटर, ड्राइव्ह आणि कंट्रोलर. बेड आणि सांगाडा वजनाला भारी असतो, पण किमतीला हलका. म्हणून भाव सांगताना पुढची माहिती एका कागदावर असावी :

- सोर्सची कंपनी, वॅट, सिरियल नंबर आणि बनल्याचं साल
- कटिंग हेडची कंपनी; फोकस आपोआप होतो की हाताने
- कंट्रोलर आणि सॉफ्टवेअरचं नाव, परवाना किंवा डोंगल मूळ आहे का
- बेडचा आकार, एक टेबल की बदलतं टेबल
- सोबत काय जाणार : चिलर, स्टॅबिलायझर, कंप्रेसर, धूर ओढणारा पंखा, गॅसची पाइपलाइन
- आजवर काय बदललं, त्याची बिलं

तासांच्या बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज होतात. मशीन चालू असल्याचे तास वेगळे आणि किरण चालू असल्याचे तास वेगळे. आठ तासांच्या पाळीत पत्रा चढवणं, उतरवणं, प्रोग्राम लावणं यात बराच वेळ जातो. किरण तेवढा वेळ जळत नाही. सोर्सच्या आत स्वतःची नोंद असते. त्यात तासांबरोबर आलेले अलार्मही दिसतात. ही नोंद स्क्रीनवर उघडून, सिरियल नंबरासकट फोटो काढून द्यावा. सोर्सच्या डायोडचं आयुष्य एक लाख तास असं कंपन्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, पण ती हमी नव्हे. धूळ, खराब पाणी, दमट हवा आणि चकाकत्या धातूवरून परत फिरलेला किरण यांनी सोर्स त्याच्या कितीतरी आधी बसू शकतो.

चालू मशीन दाखवा

बंद मशीनचा भाव भंगाराच्या भावापासून सुरू होतो, चालू मशीनचा कामाच्या भावापासून. त्यामुळे वीज कनेक्शन कापायच्या आधी, जागा रिकामी करायच्या आधी मशीन विकायला काढावी. वर्कशॉपचं भाडं वाचवायला मशीन आधी उतरवून गोदामात टाकली, की दाखवायला काहीच उरत नाही.

घेणाऱ्यासमोर किमान अर्धा दिवस मशीन चालवावी. १ किलोवॅटची धडधाकट फायबर मशीन साधारण १० मिलिमीटर एमएस आणि ५ मिलिमीटर एसएसपर्यंत जाते. ३ किलोवॅटची साधारण २० मिलिमीटर एमएस आणि १० मिलिमीटर एसएसपर्यंत. ही वरची मर्यादा झाली. रोजचं काम याहून पातळ पत्र्यावरच धरावं. कापणी नीट यायला वेग बराच कमी करावा लागला, तर सोर्सची ताकद उतरली आहे किंवा हेडमधली काच खराब आहे. आधी नवी संरक्षक काच आणि नवं नोझल लावून पुन्हा कापून बघावं. तरीही फरक पडला नाही, तर पॉवर मीटर लावून हेडखाली किती वॅट येतात ते मोजणं हाच खरा उपाय.

मशीनचा सांगाडा तपासायला दोन आकार पुरतात : १०० मिलिमीटरचा गोल आणि तेवढाच चौरस. बेडच्या चारही कोपऱ्यांत आणि मधोमध ते कापावेत. गोल व्हर्नियरने दोन दिशांनी मोजावा, चौरसाचे दोन्ही कर्ण मोजावेत. गोल अंडाकृती आला किंवा जिथून कापणी सुरू झाली तिथेच नीट मिटली नाही, तर रॅक-पिनियनमध्ये ढिलाई आहे. मध्ये चांगलं आणि एका कोपऱ्यात वाईट कापत असेल, तर फायबर मशीनमध्ये रूळ किंवा लेव्हल बघावी आणि सीओटूमध्ये आरसे. कापलेले तुकडे तारीख टाकून, दोघांच्या सह्या करून जपून ठेवावेत. नंतर "अशी कापत नव्हती" म्हणून वाद निघाला तर हेच तुकडे साक्षीदार.

डोळ्यांचा प्रश्न इथेच येतो. कापणाऱ्या लेझरचा किरण सुरक्षेच्या वर्गवारीत सगळ्यात धोकादायक, चौथ्या वर्गातला असतो. फायबरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण थेट पडद्यापर्यंत पोहोचतो. सीओटूचा चष्मा फायबरला चालत नाही. किरणाच्या लांबीप्रमाणे चष्मा वेगळा लागतो. दार उघडलं की किरण बंद करणारा स्विच कुणी तारेने बांधून ठेवला असेल, तर विकायच्या आधी तो पूर्ववत करून द्यावा. घेणाऱ्याकडे नवा ऑपरेटर असेल, त्याला ती तार बांधलेली आहे हे ठाऊक नसतं.

पासवर्ड आणि टाइम लॉक

हप्त्यावर दिलेल्या काही मशीनमध्ये पुरवठादार तारखेचं कुलूप टाकून ठेवतो. ठरलेल्या दिवसापर्यंत पैसे आले नाहीत तर मशीन आपोआप थांबते. हप्ते फिटल्यावर कायमचा कोड मिळतो, पण तो मागून घ्यावा लागतो. तो घेतलेला नसेल, तर नव्या मालकाकडे दोन महिन्यांनी मशीन अचानक बंद पडते आणि विकणारा फसवा ठरतो.

म्हणून विकण्यापूर्वी पुरवठादाराकडून लेखी घ्यावं, की रक्कम पूर्ण मिळाली आणि सोर्स व कंट्रोलर दोन्हींवर कुलूप नाही. खात्री करायची तर मशीनच्या संगणकाची तारीख पुढे-मागे करण्याच्या फंदात पडू नये, त्यानेच कुलूप लागू शकतं. सेटिंगचे पासवर्ड, पत्र्याच्या जाडीप्रमाणे जुळवलेले आकडे आणि बॅकअप पेन ड्राइव्हवर द्यावेत. वॉरंटी शिल्लक असेल तर ती नव्या मालकाच्या नावावर जाते का, हेही लेखीच विचारावं.

बँकेचा बोजा उतरल्याशिवाय मशीन हलवू नका

कर्जावर घेतलेली मशीन बँकेकडे नजरगहाण असते. ताबा मालकाकडे असला तरी बँकेच्या संमतीशिवाय ती विकता येत नाही. विकली तर विकणाऱ्यावर फौजदारी कारवाईची वेळ येऊ शकते आणि घेणाऱ्याच्या दारातून बँक मशीन उचलू शकते. "हप्ते मी भरत राहीन, तुम्ही मशीन न्या" हा तोंडी व्यवहार दोघांनाही बुडवतो.

सरळ रस्ता असा : विकणाऱ्याने बँकेकडून आजच्या तारखेची थकबाकी लेखी घ्यावी. घेणाऱ्याने तेवढी रक्कम थेट त्या कर्ज खात्यात भरावी आणि उरलेली विकणाऱ्याला द्यावी. बँकेने ना हरकत दाखला द्यावा, मगच क्रेन बोलवावी. बोजा नोंदवलेला आहे का हे सरसाई या केंद्रीय नोंदणीत शोधता येतं. विकणारा कंपनी असेल तर कंपनी निबंधकाकडच्या नोंदीतही बोजा दिसतो आणि तो फिटल्याची नोंद तिथे व्हावी लागते.

मशीनवर सरकारी अनुदान घेतलं असेल तर किती वर्षं विकायची नाही, ती अट मंजुरीपत्रात वाचावी. निर्यातीच्या अटीवर, ईपीसीजी योजनेत शुल्क वाचवून आणलेली मशीन असेल तर निर्यातीचं बंधन पूर्ण झाल्याचा दाखला मिळेपर्यंत ती विकता येत नाही.

जीएसटी : इथे विकणाऱ्याचा अंदाज चुकतो

धातू कापणाऱ्या लेझर मशीनवर जीएसटी १८ टक्के आहे. जुनी मशीन विकताना तो फक्त विक्रीच्या रकमेवर लागतो, असं बहुतेकांना वाटतं. पण नवी मशीन घेताना इनपुट क्रेडिट घेतलं असेल, तर दोन आकडे काढावे लागतात आणि त्यातला मोठा भरावा लागतो. पहिला आकडा विक्री किमतीवरचा कर. दुसरा आकडा, घेतलेल्या क्रेडिटमधून दर तिमाहीला किंवा तिमाहीच्या भागाला ५ टक्के वजा करून उरलेली रक्कम.

उदाहरण घेऊ. समजा, मशीन २० लाखांना घेतली, ३ लाख ६० हजार क्रेडिट मिळालं. २५ महिन्यांनी ती १० लाखांना विकली. २५ महिने म्हणजे आठ पूर्ण तिमाह्या आणि नववीचा भाग, म्हणजे नऊ. वजावट ४५ टक्के. उरले ५५ टक्के, म्हणजे १ लाख ९८ हजार. विक्री किमतीवरचा कर १ लाख ८० हजार. मोठा आकडा १ लाख ९८ हजार, तोच भरायचा. वरचे १८ हजार भावात धरले नसतील तर ते विकणाऱ्याच्या खिशातून जातात. हीच मशीन १२ लाखांना विकली तर विक्रीवरचा कर २ लाख १६ हजार होतो आणि तो मोठा ठरतो.

नियमांत महिन्यांवरून मोजायचीही एक रीत आहे. पाच वर्षांपैकी ३५ महिने शिल्लक धरले तर वरच्या उदाहरणात २ लाख १० हजार येतात. कोणती रीत धरायची हे सीएकडून ठरवून घ्यावं, पण भाव बोलायच्या आधी. पाच वर्षं उलटली की दुसरा आकडा शून्यावर येतो आणि फक्त विक्रीवरचा कर उरतो.

मध्य प्रदेशातून महाराष्ट्रात माल जाणार असेल तर बिलावर आयजीएसटी लागतो. घेणारा नोंदणीकृत असेल तर त्याला त्याचं क्रेडिट मिळतं. "बिल कमी दाखवा, बाकीचे रोख द्या" या सौद्यात घेणाऱ्याचं क्रेडिट जातं, पुढे त्याला बँकेचं कर्ज मिळत नाही आणि विम्यात मशीनची किंमत सिद्ध होत नाही.

उतरवणं आणि सीमेपलीकडचा प्रवास

फायबर मशीन उतरवताना सगळ्यात नाजूक भाग म्हणजे सोर्समधून हेडकडे जाणारी केबल. ती ठरावीक गोलाईपेक्षा जास्त वाकली की आतला तंतू तुटतो. हेडमधून काढलेल्या टोकावर क्षणभरही झाकण नसेल आणि धुळीचा एक कण बसला, तर पुढच्या वेळी किरण सुरू करताच ते टोक जळतं. हे काम कंपनीच्या किंवा अनुभवी इंजिनिअरकडूनच करून घ्यावं आणि त्याचा खर्च कोणाचा हे आधी लिहावं. चिलर, सोर्स आणि हेडमधलं पाणी पूर्ण काढावं. गॅन्ट्री आणि टेबल बांधून, पट्ट्यांनी आवळून मगच उचलावं. पावसाळ्यात सोर्स ताडपत्रीच्या भरवशावर पाठवू नये. नव्या जागी पोहोचल्यावरही खोलीच्या हवेत थोडा काळ ठेवून, आत दव धरलेलं नाही हे बघून मग चालू करावा.

उज्जैनहून खानदेशात जायला दोन सरळ वाटा आहेत : इंदूरहून सेंधवा, बिजासन घाटातून धुळे, किंवा इंदूरहून बुऱ्हाणपूर, रावेरमार्गे जळगाव. ५० हजारांपेक्षा जास्त किमतीच्या मालाला राज्याबाहेर जाताना ई-वे बिल लागतं. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. जळगावचं अंतर ३०० किलोमीटरच्या वर असल्याने दोन दिवस मिळतात. मशीन गाडीच्या मापाबाहेर जात असेल तर ती ओडीसी धरली जाते आणि मुदत दर २० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. बिलावर सोर्स आणि मशीन दोन्हींचे सिरियल नंबर टाकावेत. वाहतुकीचा विमा जुन्या मशीनचा म्हणून वेगळा सांगून घ्यावा.

घेणाऱ्याने मशीन निघण्याआधीच तिकडे तयारी करावी : फरशी, लेव्हल, स्वतंत्र अर्थिंग आणि वाढीव वीजभार. महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज मशीन आल्यावर केला तर ती महिनाभर झाकून पडते आणि कर्जाचा हप्ता मात्र सुरू होतो.

पैसे कधी, किती

फोटोवर विसार देऊ नये आणि फोटोवर विसार मागूही नये. दुसऱ्याच्या मशीनचे फोटो टाकून बयाणा गोळा करणं सोपं आहे. व्हिडिओ कॉलवर सिरियल नंबराची पाटी दाखवून लगेच मशीन चालू करायला सांगितलं की खरं-खोटं बरंचसं कळतं. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. जितकी लवकर, तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त.

व्यवहार तीन टप्प्यांत करावा. मशीन प्रत्यक्ष बघून छोटा विसार, बँकेमार्फत. कापणी तपासून, बोजा उतरवून मोठी रक्कम. गाडीत माल भरण्याआधी बाकी. उतरवल्यानंतर नव्या जागी मशीन चालू करून द्यायची जबाबदारी विकणाऱ्याने घेतली असेल, तर किती दिवसांत आणि काय बिघडलं तर कोणी बघायचं, हे साध्या मराठीत किंवा हिंदीत दोघांच्या सहीने लिहावं. "जशी आहे तशी" विकली असेल तर तेही लिहावं आणि माहीत असलेले दोष त्याखाली मांडावेत. लपवलेला दोष फोनवर भांडण आणतो. सांगितलेला दोष फार तर भावात थोडा उतार आणतो.

फाइलमध्ये काय असावं

१. मूळ खरेदी बिल आणि हप्ते फिटल्याचं पत्र
२. सोर्स, हेड, मशीनचे सिरियल नंबर आणि तासांच्या नोंदीचा फोटो
३. दुरुस्तीची आणि बदललेल्या भागांची बिलं
४. सही केलेले कापणीचे तुकडे आणि चालू मशीनचा व्हिडिओ
५. बँकेचा ना हरकत दाखला, अनुदानाचं मंजुरीपत्र
६. टाइम लॉक नसल्याचं पुरवठादाराचं पत्र, पासवर्ड आणि बॅकअप
७. सीएने काढलेला कराचा हिशेब
८. विक्रीचा करार, बिल, ई-वे बिल, वाहतूक विमा

ही फाइल जमवायला दोन-तीन आठवडे लागतात. ज्याचे हप्ते थकले आहेत त्याला तेवढा धीर नसतो, आणि नेमका तोच मशीन अर्ध्या भावात देऊन बसतो. म्हणून विकायचा विचार मनात आला त्याच दिवशी, पहिला हप्ता चुकायच्या आधी, बिलांची पिशवी उघडावी.